हेल्पडेस्कवरून एल-टूला जायचंय, सर्टिफिकेशन कोणतं करू?

सांगलीकर_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एल-वनला आहे (हेल्पडेस्कची पहिली पायरी, न सुटलेली तिकिटं म्हणजे तक्रारी वर एल-टूकडे जातात), थर्ड पार्टी पेरोलवर. शिक्षण बी.कॉम., आयटीचं म्हणाल तर एमएस-सीआयटी आणि बाकी कामावर शिकलो ते. क्लायंट यूकेचा, म्हणून शिफ्ट दुपारी सुरू होते. पासवर्ड रीसेट, व्हीपीएन लागत नाही, आउटलुक उघडत नाही, प्रिंटर... हेच चालू असतं. इंटर्नल पोस्टिंगला अर्ज केला की पहिला प्रश्न, "सर्टिफिकेशन काय आहे?"

डोक्यात चार नावं आहेत: ए प्लस (हार्डवेअर-सपोर्टचं), सीसीएनए (सिस्कोचं, नेटवर्किंगचं), एझेड-९०० (मायक्रोसॉफ्ट क्लाउडची तोंडओळख) आणि आयटीआयएल (आयटी सेवा चालवायची पद्धत). एका क्लासवाल्याने क्लाउड, डेव्हऑप्स आणि एथिकल हॅकिंगचं एकत्र पॅकेज सांगितलंय, ८५ हजार, "शंभर टक्के प्लेसमेंट". दाजी म्हणतात सायबर सिक्युरिटीच कर, पैसा तिथेच आहे. खर्च माझ्या खिशातून, कंपनी दमडी देणार नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

केबलकाका

सीसीएनए कर भावा, डोळे झाकून. पेपर एकच, २००-३०१. फी ३०० डॉलर, म्हणजे खिशाला चटका आहे, पण तीन वर्षं चालतं. पॅकेट ट्रेसर, म्हणजे नेटवर्कचा सिम्युलेटर, फुकट मिळतो, घरी राउटर-स्विच आणायची गरज नाही. युजरच्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला की डीएचसीपीपर्यंत (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत) मशीन पोचतच नाहीये, हे ज्याला कळतं तो एल-वनला फार दिवस राहत नाही. सबनेटिंग (नेटवर्कचे तुकडे पाडणं) आलं पाहिजे म्हणजे आलंच पाहिजे.

तिकीटवाली

काकांचं नेटवर्किंग पटलं, "डोळे झाकून" नाही पटलं. मी खराडीत एंडपॉइंट टीम (युजरची मशीन बघणारी) सांभाळते आणि एल-टूच्या मुलाखती घेते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेटची यादी बाजूला ठेव. तुमच्या तिकीट टूलमध्ये जाऊन गेल्या तीन महिन्यांत तू एस्कलेट केलेली, म्हणजे वर पाठवलेली, तिकिटं काढ. ती कुठल्या टीमकडे गेली, आणि त्या टीमने बंद करताना रिझोल्यूशनमध्ये काय लिहिलं, ते वाच. इंट्यूनवाल्यांकडे (इंट्यून म्हणजे कंपनीची मशीन लांबून सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) जास्त गेली असतील तर एक रस्ता, नेटवर्ककडे गेली असतील तर काकांचा रस्ता. तुझ्या ऑफिसात कशाची गरज आहे ते नेटवरच्या कुठल्याही "टॉप टेन"पेक्षा ही रांग नीट सांगेल. शिवाय इंटर्नल मुलाखत घेणारा त्यातल्याच एखाद्या टीमचा असणार.

माझा मुलाखतीतला एक प्रश्न इथे फोडते. युजरने सकाळी पासवर्ड बदलला, तेव्हापासून अकाउंट सारखं लॉक होतंय. काय करशील? "मॅम, अनलॉक करेन." परत लॉक झालं. "परत अनलॉक करेन, नाहीतर एल-टूला पाठवेन." अरे, एल-टूच्याच खुर्चीसाठी आलायस ना! मला ऐकायचं असतं ते असं: डोमेन कंट्रोलरच्या (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० नंबरचा इव्हेंट शोधेन, चुकीचा पासवर्ड कुठल्या मशीनवरून येतोय त्याचं नाव त्यात असतं. मग त्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजर (साठवलेले पासवर्ड), मॅप केलेला ड्राइव्ह, शेड्यूल्ड टास्क, लॉग ऑफ न करता सोडून दिलेलं रिमोट सेशन, असं एकेक तपासेन. आणि तिथे मेल सर्व्हरचंच नाव दिसलं तर युजरला फोन बाहेर काढायला सांगेन, कारण त्यातलं मेल ॲप जुनाच पासवर्ड रेटत बसलेलं असतं. एवढं धडपणे सांगणाऱ्या मुलाचं सर्टिफिकेट मी नंतर बघते.

आता तुझी नावं. ए प्लसचा अभ्यासक्रम छान आहे, पण पेपर दोन, फी दोनदा, तीही डॉलरच्या हिशोबात. तू ऑलरेडी हेल्पडेस्कवर आहेस, पुण्यात त्यासाठी तुला कोणी वेगळे मार्क देणार नाही. एझेड-९०० सोपी आहे, एक्स्पायरही होत नाही, सीव्हीवर एक ओळ वाढते, बस. तिच्यावर एल-टू मिळाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आयटीआयएल फाउंडेशन म्हणजे ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास. इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम यांतला फरक डोक्यात पक्का बसतो हे खरं. पण पुढे कंपनीने पैसे दिले तर कर, पदरचे घालू नकोस.

विंडोज डेस्कटॉपमध्येच वर जायचं असेल तर मी मायक्रोसॉफ्टची एमडी-१०२ सांगेन. इंट्यून, ऑटोपायलट (नव्या लॅपटॉपचा आपोआप सेटअप), कंप्लायन्स पॉलिसी (मशीन कंपनीच्या सुरक्षा नियमांत बसतं का), अपडेट्स असा एल-टूच्या कामाचा मोठा भाग त्यात येतो. पेपर एकच, १००० पैकी ७०० लागतात. सर्टिफिकेट वर्षभरच टिकतं, पण रिन्यूअल फुकट आहे, घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून. अभ्यासाचं साहित्य मायक्रोसॉफ्ट लर्नवर मोफत आहे, त्यासाठी क्लास लावू नकोस.

क्लासवाल्याचं म्हणशील तर "शंभर टक्के" हे लेटरहेडवर लिहून माग, सही-शिक्क्यासकट. तेवढ्यावर विषय संपेल बघ. माहितीपत्रकात अजून एमसीएसई छापलेलं असेल तर तिथूनच परत फिर, मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२१ मध्येच बंद केलं.

दाजी चूक नाहीत. पण एसओसीत (सिक्युरिटीवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये) बसून दिवसभर लॉगच वाचायचे असतात, म्हणजे ४७४० तिथेही सुटत नाही. आधी इकडे हात बसू दे. आणि डम्प (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून पास होणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. पकडलं तर सर्टिफिकेट जातं, आणि नाही पकडलं तरी मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला कळतं.

जर्सीकर

ताईंचं पुण्यापुरतं बरोबर. कधी इकडे यायचा विचार असेल तर ए प्लस अगदीच मोडीत काढू नका, अमेरिकेत हेल्पडेस्कच्या जाहिरातींत ते सर्रास असतं. सिक्युरिटी प्लस (ए प्लसवाल्यांचंच सिक्युरिटीचं सर्टिफिकेट) तर तिथल्या संरक्षण खात्याच्या नियमांत बसतं म्हणून इतकं मागतात. अर्थात तसल्या कामांना बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं, त्यामुळे व्हिसावर आलेल्याला त्याचा फार उपयोग नाही.

सांगलीकर_सेकंडशिफ्ट

तिकीटवाली ताई, काल शिफ्ट संपल्यावर रिपोर्ट काढला. मला वाटलेलं नेटवर्क जास्त निघेल. निघाली सगळी "डिव्हाइस नॉट कंप्लायंट", आणि नवीन लॅपटॉप सेटअपला मध्येच अडकलेले. व्हीपीएनची म्हणून पाठवलेली बरीचशीसुद्धा कंप्लायन्समुळेच अडली होती, एल-टूने तसं लिहिलंय. म्हणजे एमडी-१०२ धरू ना? लॅपटॉप ८ जीबीचा, विंडोज होम. प्रॅक्टिस जमेल?

तिकीटवाली

धर. होमवर हायपर-व्ही (लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) नाही, त्याच कामाचं व्हर्च्युअलबॉक्स घे, सातच्या पुढचं व्हर्जन. विंडोज ११ ला टीपीएम (सुरक्षेची चिप) लागतं, ते त्यात व्हर्च्युअल मिळतं. विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची इव्हॅल्युएशन कॉपी टाक, तिला ४ जीबी दे, आणि चालू असताना क्रोम बंद ठेव. इंट्यूनची ट्रायल ३० दिवसांचीच असते, म्हणून आधी लर्नवरचं वाचून संपव, मग ट्रायल चालू कर. एक मशीन एनरोल कर (इंट्यूनला जोड), बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) सक्तीची कंप्लायन्स पॉलिसी लाव आणि ते नॉन-कंप्लायंट झालेलं स्वतः बघ. मग दुरुस्त कर.

४७४० साठी विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची कॉपी मिळते, पण ८ जीबीत दोन मशीन एकदम ओढणार नाहीत. रॅम वाढव. दुकानात जाण्याआधी ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे का तेवढं बघून घे.