घरच्यांच्या सहीवर दाखल करून घ्यावं का? कायदा बदलायला हवा असं मला वाटतं

उंबरठा (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या चालू होत्या तोवर छापखान्यातली नोकरी नीट करत होता. दिवाळीनंतर गोळ्या सोडल्या आणि आता पाच महिने खोलीतून बाहेर आलेला नाही. आई जेवणात काहीतरी कालवते असं त्याच्या मनानं घेतलंय, म्हणून ताटाला हात लावत नाही. पुड्यातली बिस्किटं आणि नळाचं पाणी, एवढ्यावर आहे. मनगटं बघवत नाहीत.

डॉक्टर म्हणतात, घेऊन या. ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, पेशंट स्वतः चालत येणार असेल तर येतो. पोलिसांनी विचारलं, मारहाण केलीय का? नसेल तर आमचं काम नाही. म्हणजे त्यानं आईवर हात उगारायची मी वाट बघायची?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णांच्या हक्कांसाठी आला, त्याची गरज होतीच. पण प्रत्येक सज्ञान माणूस स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेऊ शकतो, हे गृहीत धरून तो सुरू होतो. न जेवण्याचा निर्णय माझ्या भावाचा आहे की आजाराचा? सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची सही आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र, एवढ्यावर दाखल करून घ्यावं, अशी मागणी आपण कुटुंबीयांनी मिळून सरकारकडे करायला हवी.

गोधडी

ताई, तुमचा त्रास खोटा नाही. पण या मागणीला माझा पूर्ण विरोध आहे, आणि मी पलीकडच्या बाजूनं बोलतोय.

२०११ मध्ये मला असंच उचललं. शिर्डीला जायचंय असं काका म्हणाले, मी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. गाडीत दोन अनोळखी माणसं होती. पुढचं आठवतं ते दंडातलं इंजेक्शन. आजारी होतो का? होतो. उपचारांचा उपयोग झाला का? झाला. पण त्यानंतर चार वर्षं मी घरातल्या कुणाबरोबर गाडीत बसलो नाही, आणि डॉक्टरकडे जायचं म्हटलं की घाम फुटायचा. गोळ्या मी दोनदा सोडल्या त्या याच भीतीनं.

शिवाय 'नातेवाईक' म्हणजे प्रत्येक घरात तुमच्यासारखी बहीण नसते. जमिनीच्या वाटणीत भावाला वेडा ठरवणारेही नातेवाईकच, बायकोला दाखल करून मग घटस्फोटाचा अर्ज करणारा नवराही नातेवाईकच. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं ते हेच: बरी होऊनही वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात पडून राहिलेली एक विवाहिता. तिलाही घरच्यांनीच आत पाठवलं होतं.

सरळरेघ

मी आई आहे. माझा मुलगा असाच 'स्वतःच्या मर्जीनं' एका पहाटे घरातून गेला. चौदा महिन्यांनी दुसऱ्या राज्यातून फोन आला, पायाला जखम झालेली, अंगावर एक पोतं. त्या चौदा महिन्यांत त्याचा कुठला हक्क जपला गेला ते मला कुणी समजावून सांगावं. उंबरठाताईंना माझा पाठिंबा.

दुसरीपाळी

सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात काम करते. दोन्हीकडचं रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंबरठाताई, तुम्ही जे मागताय त्यातलं बरंच कायद्यात आहे. कलम ८९ बघा. रुग्णाच्या संमतीशिवाय, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णानं नेमलेला, नेमला नसेल तर नातेवाईक) अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी दोन जणांनी स्वतंत्र तपासणी करायची, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मारहाण झालीच पाहिजे अशी अट नाही. स्वतःची काळजी घेता न येऊन स्वतःला इजा होण्याचा धोका, हे कारणही त्यात लिहिलेलं आहे. पाच महिने बिस्किटांवर राहणारा माणूस त्यात नक्की बसतो.

एकाच डॉक्टरच्या पत्रावर दाखल करण्याच्या मागणीवर मात्र मी सही करणार नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यातही नातेवाइकाच्या अर्जाला दोन डॉक्टरांचे दाखले लागायचे. तुमची मागणी आपल्याला त्याच्याही मागे नेते. आता दाखल केल्यावर पुनर्विलोकन मंडळाला (असं दाखल करणं योग्य होतं का ते तपासणारं, याच कायद्यातलं मंडळ) सात दिवसांत कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, आणि रुग्ण तिथे दाद मागू शकतो. गोधडींच्या वेळी ही सोय असती तर काकांना उत्तर द्यावं लागलं असतं.

खरी अडचण घर ते रुग्णालय या रस्त्यात आहे. कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. कलम ९४ तर कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला तातडीचे उपचार घरीसुद्धा करू देतं, ७२ तासांपर्यंत, आणि रुग्णालयात नेणंही त्यात येतं. पण किती ठाण्यांत हे ठाऊक आहे? जिना चढून वर येणारा डॉक्टर कुठे आहे? कलम १८ नं कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा ही सरकारची जबाबदारी ठरवलीय. मागायचं तर ते मागा: प्रत्येक जिल्ह्यात घरी येणारं पथक.

उंबरठा

कलमं मला कुणीच सांगितली नव्हती, आभार. पण पथक येईल तेव्हा येईल, माझा भाऊ आज खात नाहीये. आणि गोधडी, तुमचं वाचून मी रात्रभर जागी होते. तरी विचारते, तुम्ही माझ्या जागी असता तर दाराबाहेर उभे राहिला असतात?

गोधडी

नाही. मीही नेलं असतं. माझा विरोध न्यायला नाही, फक्त तुमच्या सहीवर नेण्याला आहे. बरा असताना मी आगाऊ निर्देश लिहून ठेवलाय, कायद्याचं कलम ५. कुठलं रुग्णालय, कुठलं औषध मला सोसत नाही, बोलवायचं ते मावसबहिणीला. काकांना नाही. तुमचा भाऊ सावरला की त्याच्याकडून असं लिहून घ्या, पुढच्या वेळी ते त्याचंच म्हणणं असेल.

सरळरेघ

आणि सावरलाच नाही तर? माझं मत बदललेलं नाही. दोन डॉक्टर तालुक्याच्या गावी आणायचे कुठून?

दुसरीपाळी

सरळरेघताई, दुसरा मानसोपचारतज्ज्ञच असायला हवा असं नाही, साधा एमबीबीएस डॉक्टरही चालतो. पण पहिला तरी मिळायला हवा, आणि तालुक्याला तोच नसतो. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

उंबरठा

उद्या ठाण्यात अर्ज घेऊन जाते. काय लिहू?

दुसरीपाळी

कलम १०० चा उल्लेख करा, किती दिवस जेवला नाही ते तारखेनिशी लिहा, डॉक्टरची जुनी चिठ्ठी जोडा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पोलीस साध्या कपड्यांत यावेत अशी विनंती लिहा. रात्री काही विचारायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

गोधडी

आणि कुठे नेताय ते त्याला खरं सांगा. ओरडेल, तरी सांगा.