सासरे ८१ वर्षांचे, अजून क्लॅरोनेट वाजवतात, थांबवायचं का?

खेतवाडीची_सून
नमस्कार मंडळी, घरात रोज एकाच विषयावरून वाजतंय म्हणून विचारते. आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, ८१ पूर्ण. गिरणीत होते आणि सुट्टीत बँडमध्ये क्लॅरोनेट, ८२ च्या संपानंतर मग पूर्ण वेळ बँडच. आता मिरवणुकीत चालत नाहीत पण गणपतीत मंडळाच्या मांडवात, कुणाच्या साखरपुड्यात खुर्ची टाकून अजून वाजवतात आणि खरं सांगते, छान वाजवतात. पण दिवाळीनंतर वरचे सगळे दात काढून कवळी बसवली आणि तिथून बिनसलं. फुंकलं की कवळी हलते, वरचा सूर चिरकतो, मग चिडतात, जेवत नाहीत. नवरा म्हणतो बास झालं आता, छातीवर ताण येईल, वाद्य माळ्यावर टाकू. परवा रात्री पावणेबाराला उठले तर अप्पा गॅलरीत बसून न फुंकता नुसती बोटं चालवत होते, चाव्यांची टक टक टक. म्हटलं अप्पा काय हे, तर म्हणाले "बोटं आखडतात गं, झोप तू."
कुणाला अनुभव आहे का?

फुंकर_दादर
ताई, माळ्यावर अजिबात नको. मी हौशी आहे पण ३० वर्षं हेच फुंकतोय. क्लॅरोनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडतात आणि वरचे दात थेट माउथपीसवर टेकतात, म्हणजे अप्पांचा सगळा भार आता कवळीवर येतोय, सूर चिरकणारच. त्यांना वरचा ओठसुद्धा दातांखाली दुमडून वाजवायला सांगा, ही जुनी पद्धत आहे, काही मोठे वादक आयुष्यभर तसंच वाजवत आले. पहिले काही दिवस ओठ दुखेल, शिव्या देतील, देऊ द्या. माउथपीसवर चिकटवायची रबराची पातळ पट्टी मिळते ती लावा. आणि पत्ती, म्हणजे माउथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी जी फुंकल्यावर थरथरते, ती कितीची लावतात? नंबर जितका मोठा तितकी ती कडक. बँडवाले ताकदीच्या जोरावर ३ नंबर लावतात आणि मग म्हातारपणी पण तीच, इज्जतीचा प्रश्न. २ ची लावा, कमी दमात आवाज येतो. वाद्य साधारण पाऊण किलोचं असतं आणि तो भार एकट्या उजव्या अंगठ्यावर, म्हणून गळ्यात अडकवायचा पट्टा पण घ्या. धोबी तलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात विचारा.

दातवाली_मुलुंड
मी डेंटिस्ट आहे. वरची पूर्ण कवळी टाळूला चिकटून बसते, पुढच्या दातांना खालून वर रेटा बसला की मागची बाजू सुटते आणि कवळी उचकटते. त्यात दात काढून काहीच महिने झालेत म्हणजे हिरड्या अजून बसतायत, तेव्हा कवळी सैल होणारच, आतून नवीन अस्तर देता येतं. पण डॉक्टरांकडे जाताना क्लॅरोनेट घेऊन जा आणि खुर्चीत बसून वाजवायला लावा! नुसतं "हलते" सांगून त्यांना काय कळणार. छाती फुटत वगैरे नाही, मात्र बीपी आणि हर्निया तपासून घ्या, आणि काचबिंदू असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा कारण जोरात फुंकताना डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

जुनी_तबकडी
वयाचं म्हणाल तर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे क्लॅरोनेटवादक स्टॅनली ड्रकर १९४८ ला १९ व्या वर्षी रुजू झाले ते २००९ ला निवृत्त, ६१ वर्षं एकाच ऑर्केस्ट्रात. आपल्याकडे तिरुचीचे ए. के. सी. नटराजन, जन्म १९३१ चा, कर्नाटक संगीत क्लॅरोनेटवर वाजवणारे, २००८ ला मद्रास म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, म्हणजे नव्वदीत. आमच्याकडे वडिलांच्या मास्टर इब्राहिमच्या तबकड्या आहेत, सिनेमाची गाणी नुसती क्लॅरोनेटवर, शब्द नसून शब्द ऐकू येतात. अप्पांना विचारा, त्यांच्या पिढीतले बरेच जण त्याच ऐकून शिकलेत.

लालबागचा_संत्या
सगळं बरोबर पण मंडळवाले आणि ठेकेदार यांचा पण विचार करा, "काका एकच गाणं" म्हणत चार तास बसवतात आणि वर पाकीट देताना तोंड वाकडं. मांडवात पाठवा, पण कुणीतरी सोबत जा आणि तासाभराने उठवून आणा. आणि डीजेच्या भिंतीशेजारी बसवू नका, उरलेले कान पण जातील.

खेतवाडीची_सून
सगळ्यांना थँक्यू. आज दातांच्या डॉक्टरांकडे क्लॅरोनेटसकट गेलो, वेटिंग रूममध्ये एक लहान मुलगी रडत होती ती अप्पांनी नळ्या जोडायला घेतल्यावर गप्प झाली. डॉक्टर अस्तर देतायत, पुढच्या सोमवारी बोलावलंय. काचबिंदू नाहीये, गेल्याच वर्षी मोतीबिंदूच्या वेळी तपासलं होतं. नवरा क्लिनिकच्या जिन्यात उभा राहून ऐकत होता, आत आला नाही पण येताना धोबी तलावला गाडी त्यानेच वळवली. २ नंबरची पत्ती बघून अप्पा म्हणाले "ही शाळेतल्या पोरांची." घेतली मात्र दोन. @फुंकर_दादर, ओठ दुमडून किती दिवसांत जमतं हो? आत्तापासूनच शिव्या सुरू झाल्यात.