जुन्या शाळाखोलीची डागडुजी: सिमेंट लावावे की चुना?

प्रश्न (खानापूरकर)

नमस्कार. आमच्या गावच्या मराठी शाळेची स्वातंत्र्यपूर्व काळातील मूळ खोली बरीच वर्षे कुलूपबंद असून तिच्यात मोडके बाक आणि जुने दप्तर पडले आहे. भिंती जांभ्याच्या, तुळया सागवानी, वर मंगलोरी कौले, आणि समोरच्या भिंतीत गिलाव्यानेच घडवलेला काळा फळा आहे. माजी विद्यार्थी आणि शाळा सुधारणा समिती यांनी ही खोली चित्रकला, मातीकाम, नाटुकली आणि प्रयोग यांसाठी मुलांना खुली करण्याचे ठरविले आहे. अडचण अशी की, पश्चिमेच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार) लागला असून गिलावा बोट लावताच निखळतो. ठेकेदाराच्या मते सिमेंटचा गिलावा करून, कौले उतरवून पत्रे घालावेत. खर्च कमी असल्याने समितीचा कलही तिकडेच आहे. हे मान्य करावे काय?

उत्तर १ (जुना मिस्त्री)

मुळीच करू नये. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते, सिमेंट मात्र ती आत कोंडते, आणि मग पाण्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या अंगातच साचून त्याचा भुगा करतात. काही पावसाळे भिंत देखणी दिसेल, पुढे सिमेंटचा पापुद्रा दगडाचा थर घेऊनच सुटेल.

आधी पाण्याचा बंदोबस्त करावा. पागोळ्या कोठे पडतात आणि जोत्याशी माती साचून बाहेरची जमीन आतल्या भुईपेक्षा उंच झाली आहे काय, हे भर पावसात छत्री घेऊन पाहावे. निम्मे दुखणे बहुधा तेथेच सापडते. चर खणून पाणी लांब काढल्यावर सुटलेला गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्यावी. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून रंग मारण्याची घाई हा आपल्याकडील समित्यांचा जुना रोग आहे, तो येथे आवरावा. गिलावा दिवाळीनंतर, चांगल्या मुरवलेल्या चुन्याचा, पातळ थरांत करावा आणि वर ओली गोणपाटे टांगावीत, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. विजेच्या तारांसाठी भिंत खोदू नये; त्या पट्टीतून वरूनच न्याव्यात.

उत्तर २ (निपाणीची शिक्षिका)

वरील मताशी मी सहमत आहे. पत्र्याबाबत एवढेच सांगते की, आषाढातील सर कोसळू लागली म्हणजे पत्र्याखाली शिक्षकाचा शब्द दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही, मग नाटुकली कसली होणार? फुटकी कौले तेवढी बदलावीत आणि अधूनमधून काचेची कौले घालावीत, म्हणजे दिवसा दिवा लागणार नाही.

मात्र खोली सजविण्याच्या नादात ती सामानाने भरू नये. मोकळी भुई, भिंतीलगत ठेवता येतील असे बुटके पाट आणि कोनाड्यांत साहित्य एवढे पुरे. डागडुजी चालू असतानाच मुलांना कामाला लावावे: दोरी घेऊन त्यांनी खोलीचे खण मोजावेत, नकाशा काढावा, कौलांवर उमटवलेले कारखान्याचे शिक्के कागदावर घासून घ्यावेत. खानापूरला ग्रामीण कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाच आहे, तेव्हा मातीकामासाठी मार्गदर्शक दूर शोधावा लागणार नाही. आपल्या भागातील मुलांच्या घरी मराठी, कन्नड आणि कोंकणी अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात. आजी-आजोबांकडून शाळेच्या आठवणी ज्या भाषेत मिळतील त्याच भाषेत भित्तिपत्रकावर लिहू द्याव्यात.

उत्तर ३ (बेळगाव कॅम्प)

एक बाब राहिली. शाळा सरकारी असल्यास काम सुरू करण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. जवळपास बेळगाव किल्ल्यातील कमलबस्ती या जैन मंदिरासारखे केंद्रसंरक्षित स्मारक असेल, तर १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. फळ्याविषयी माझे मत असे की, त्यावर तैलरंग चढवू नये. तो धुऊन जसा आहे तसा जपावा आणि कोणी लिहू नये.

उत्तर ४ (निपाणीची शिक्षिका)

तैलरंगाला माझाही विरोध आहे, परंतु लिहू न देण्यास त्याहून अधिक आहे. खडूने चुन्याच्या फळ्याचे काही बिघडत नाही, आणि ज्यावर कोणी लिहीत नाही तो फळा मुलांच्या दृष्टीने नुसती काळी भिंत होय. भेगा चुन्यानेच भरून तो रोजच्या वापरात ठेवावा.

उत्तर ५ (खानापूरकर)

सर्वांचे आभार. पुढील बैठकीत मी पत्रे आणि सिमेंट वगळून नवा अंदाज मागवण्याचा ठराव मांडतो. चुन्याचे काम करणारे गवंडी खानापूर किंवा बेळगाव परिसरात कोठे मिळतील, हे जुन्या मिस्त्रींनी कृपया सुचवावे.