मूत्रवाहिनीतील गाठ: मूत्रपिंड वाचवता येते का?

प्रश्न (जुळे सोलापूर): माझ्या वडिलांच्या लघवीतून रक्त जाऊ लागल्यावर केलेल्या दुर्बीण तपासणीत डाव्या मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत) कर्करोगाची लहान, कमी तीव्रतेची गाठ आढळली. मूत्रपिंड काढावेच लागेल का?

उत्तर १: ताई, गाठ एकच, लहान आणि कमी तीव्रतेची असेल, तर दुर्बिणीतून लेझरने ती नष्ट करून मूत्रपिंड राखता येते, मात्र ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता बरीच असल्याने तपासण्या टाळू नयेत. अमेरिकेत २०२० साली मायटोमायसिन या कर्करोगविरोधी औषधाच्या जेललाही मान्यता मिळाली. थंड असताना पातळ असणारे हे जेल शरीराच्या उष्णतेने घट्ट होते, त्यामुळे एरवी लघवीबरोबर लगेच वाहून जाणारे औषध काही तास आत टिकते. मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

उत्तर २: वडील विडी ओढत असतील, तर ती आजच सोडवा. तीव्र स्वरूपाच्या गाठीत मात्र मूत्रपिंड व मूत्रवाहिनी काढणे हाच मुख्य उपाय असतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत केमोथेरपी सुरू केल्यास रोग परतण्याचे प्रमाण घटते, हे ब्रिटनमधील ‘पाउट’ चाचणीत दिसले.

प्रश्नकर्ती: आत्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर १: असू शकतो. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात दोन्ही कर्करोग आढळतात. डॉक्टरांना हे अवश्य सांगा.