जुन्या पिकअपची वीज एकदम गेली तेव्हा : तुमचे अनुभव

सेल्फ नाही, हॉर्न नाही, हेडलाइट नाही, केबिनमधला दिवाही नाही. जुन्या पिकअपचं असं झालं की बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. माझं मत वेगळं आहे. एखादाच दिवा गेला तर त्या दिव्याचं वायरिंग धुंडाळावं लागतं. सगळंच गेलं तर सगळ्यांना सामाईक असलेला भाग तेवढा तपासायचा. म्हणजे बॅटरी, तिची टर्मिनल्स, जाड केबल, फ्यूजिबल लिंक (जादा करंट आला की वितळणारी, फ्यूजसारखी वायर) आणि अर्थ (करंट चासीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी). तुमच्या गाडीत दोष नेमका कुठे निघाला, कसा सापडला ते लिहा. सुरुवात मी करतो.

माझ्याकडे मल्टिमीटर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे पूर्ण चार्ज. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. हेडलाइटचा स्विच चालू ठेवला, मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवली आणि दुसरी त्याच खांबाला आवळलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. आला जवळपास १२! क्लॅम्प वरून स्वच्छ होता, पण काढल्यावर आतल्या बाजूला काळपट थर दिसला. पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्प चकचकीत होईपर्यंत घासले आणि गाडी उठली. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पाना चासीला लागून ठिणगी उडते.

~

आमच्या गाडीत टर्मिनल्स ठीक होती. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि टोक पॉझिटिव्हपासून पुढे पुढे सरकवत नेलं. फ्यूजिबल लिंकच्या अलीकडे लॅम्प पेटला, पलीकडे नाही. लिंक बाहेरून धडधाकट दिसत होती, पण दोन्ही टोकं धरून हलकेच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. आतली तार केव्हाच वितळली होती. लिंक उगाच जळत नाही, म्हणून नवी लावण्याआधी हार्नेस (वायरांचा जुडगा) हाताने चाचपत गेलो. एका ब्रॅकेटच्या धारेवर वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलेलं सापडलं. लिंकच्या जागी साधी वायर कृपया कुणी जोडू नका. पुढचं शॉर्ट सर्किट मग अख्खा हार्नेस पेटवू शकतं.

~

डॅशबोर्डवर जुना अ‍ॅमीटर (करंट दाखवणारा काटा) असेल तर त्याच्या मागचे नट बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत सेल्फ सोडून बाकी जवळजवळ सगळा करंट त्यातून जातो. माझा एक नट सैल होता. हात घालण्याआधी बॅटरी सोडवा.

~

बॅटरीलाही सरसकट निर्दोष धरू नका. आमच्या बॅटरीत आतली जोडणी तुटली होती. नुसतं मोजलं की १२ च्या वर, दिवा लावला की थेट शून्याजवळ, दिवा बंद केला की पुन्हा १२. केबलला हात न लावता दोन्ही पिना शिशाच्या खांबांवरच टेकवून हे बघितलं, म्हणून शंका उरली नाही. अशी बॅटरी चार्जिंगला लावण्यात अर्थ नाही.

~

माझा अनुभव अर्थचा. सेल्फ मारला की सगळे दिवे विझायचे आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम व्हायची! इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजून तुटली होती. सेल्फचा करंट परतायला त्या बिचाऱ्या केबलचा रस्ता शोधत होता. नवी पट्टी लावताना चासीवरचा रंग आणि गंज खरवडून लोखंड उघडं केलं. रंगावर बोल्ट कितीही आवळा, अर्थ धड मिळत नाही.

~

चावीशिवाय काय चालतं ते आधी बघा. बहुतेक गाड्यांत हॉर्न किंवा पार्किंग लाइट चावी न लावताही चालतात. ते चालू आणि बाकी सगळं मेलेलं असेल तर इग्निशन स्विचचा कनेक्टर काढून बघा. आमचा एका पिनेपाशी करपून तपकिरी झाला होता.

~

आमची डिझेल गाडी रात्री चालता चालता अंधारली, इंजिन मात्र सुरूच राहिलं, कारण इंजिन बंद करायला ओढायची दोरी होती. ज्या गाडीत डिझेलचा पुरवठा सोलेनॉइडने, म्हणजे वीज असेपर्यंतच उघड्या राहणाऱ्या झडपेने होतो, तिथे वीज गेली की इंजिनही थांबतं. तेव्हापासून टॉर्च हाताशी असते आणि धोक्याचा त्रिकोण सीटमागे.