मशीनच्या आधी नमुना

नवं ऑटोॲनालायझर, म्हणजे रक्ताच्या चाचण्या आपोआप करणारं मशीन, बसवलं की लॅबच्या रिपोर्टचा दर्जा आपोआप सुधारतो, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. मी नाशिकला लॅबमध्ये काम करतो. पेठ, सुरगाण्याकडून आमच्याकडे मोटारसायकलवर रक्ताचे नमुने यायचे. एका उन्हाळ्यात तिकडच्या बऱ्याच पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं दिसायला लागलं. रोजचे कंट्रोल (मशीन तपासायला वापरतात ते, आकडा आधीच माहीत असलेले नमुने) बरोबर, वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्य गुणवत्ता तपासणीतही आम्ही ठीक. शेवटी नमुने आणणाऱ्या मुलाबरोबर मीच गेलो. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, पेशींपासून वेगळं न करताच ट्यूब बर्फाच्या डब्यात ठेवल्या जात होत्या! थंडीत तांबड्या पेशींचा, पोटॅशियम आत ओढून ठेवणारा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, सीरम लाल होत नाही, म्हणून संशयही येत नाही. अशा रिपोर्टवर कुणाचं औषध बदललं असतं, हा विचार अजून अस्वस्थ करतो.

मग रक्त घेतात तिथेच सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं यंत्र) आणि सीरम व पेशींच्या मध्ये जेलचा थर धरणाऱ्या जेल ट्यूब दिल्या, आणि आकडे जागेवर आले. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, मुलांना मशीन शिकवतात, पण नमुना वाहून आणणाऱ्याला कुणीच काही शिकवत नाही. आता आमच्याकडे नवीन मुलगा आला की गाडीची चावी देण्याआधी 2 दिवस त्याला सेंट्रिफ्यूजपाशी उभं करतो.