मदत हवी आहे: ट्रेडमिलवर चालताना व्हिडिओ बघायला स्क्रीन कुठे लावावा?

नमस्कार मंडळी. घरच्या ट्रेडमिलवर चालताना ऑनलाइन व्हिडिओ बघायला मला मनापासून आवडतं, त्यामुळे चालणं कंटाळवाणं होत नाही. (निघाली तर मशीन लगेच थांबवणारी ‘सेफ्टी की’ कपड्याला अडकवलेली असते आणि पळताना व्हिडिओ बंदच ठेवते.)

अडचण स्क्रीनची आहे. टॅबलेट पॅनलवर ठेवला की वेगाचे आकडे आणि बटणं झाकली जातात, मान सतत खाली राहते. वेग जरा वाढवला की टॅबलेट थरथरतो, सबटायटल वाचताच येत नाहीत. जमिनीवर उभा राहणारा वेगळा स्टँड घेतला तर ही थरथर कमी होईल ना? की सरळ समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला टीव्ही लावावा? दोन्ही वापरलेल्यांचं मत हवंय.

आणखी एक. किनोमॅपसारख्या अ‍ॅपवर खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ आपल्या वेगाप्रमाणे पुढे सरकतात, ते मला फार करून बघायचंय. माझ्या मशीनच्या माहितीपत्रकात नुसतं ‘ब्लूटूथ’ लिहिलंय. ते फक्त स्पीकरवर गाणी वाजवण्यापुरतं आहे, की अ‍ॅपला वेग कळवणारं एफटीएमएस (‘फिटनेस मशीन सर्व्हिस’, व्यायामाच्या मशीनसाठीची ब्लूटूथची ठरलेली पद्धत) त्यात आहे, हे घरच्या घरी कसं तपासायचं?